अंधारी खोली निवडून देणाऱ्या काकांस

आदरणीय काका,

साष्टांग नमस्कार.

आमच्या घरातील सिनेमाची खोली गेल्या पावसाळ्यातून सुखरूप बाहेर पडली, प्रोजेक्टरच्या भिंगावर बुरशीचा ठिपकाही आलेला नाही, आणि माझे वडील अण्णा दर शनिवारी दिवेलागण झाली की कोणी बोलावण्याची वाट न पाहता खुर्चीत जाऊन बसतात. हे सर्व आपल्यामुळे घडले. समक्ष आभार मानू लागलो की आपण विषय बदलता, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे. शिवाय दापोली-गुहागरच्या किनाऱ्यावर ज्यांना घरी असा पडदा लावायचा असेल, त्यांनाही आपल्या कामाचा उपयोग व्हावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

घरातील सर्वांचे मत माडीच्या बाजूने होते, कारण ती मोठी आणि हवेशीर आहे. आपण मात्र माडीवर जाऊन कौलांकडे पाहिलेत, ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात कोणत्या बाजूची कौले उडाली होती ते विचारलेत, आणि जिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो तिथे कौलांखाली बसून संवाद ऐकू येणार नाहीत, हे एका वाक्यात पटवून दिलेत. त्यानंतर आपण माजघरालगतची जुनी बाळंतिणीची खोली उघडायला सांगितलीत. अकरा फूट लांब, दहा फूट रुंद, चिऱ्यांच्या जाड भिंती आणि एकच लहान खिडकी, असे तिचे स्वरूप. आमच्या दृष्टीने ती अडगळीची जागा होती. आपल्याला तिच्यात पहिल्या क्षणी काळोख दिसला, आणि प्रोजेक्टरला काळोखाइतके दुसरे काहीही लागत नाही. प्रोजेक्टर पडद्यावर प्रकाश टाकू शकतो, काळा रंग टाकू शकत नाही. खोलीत जेवढा उजेड शिल्लक असेल त्याहून चित्रातला काळा रंग अधिक काळा होऊ शकत नाही, हे आपण खिडकीचे दार उघडमीट करून दाखवलेत. तेव्हापासून यंत्र कोणते घ्यावे हा प्रश्न दुय्यम झाला.

पडद्याच्या आकाराविषयी आपण दिलेला सल्ला मला सर्वांत मोलाचा वाटतो. दुकानात आम्हाला १२० इंची पडदा सुचवला होता आणि तो भिंतीवर बसलाही असता. आपण खडूने भिंतीवर दोन चौकटी आखल्यात आणि सांगितलेत की १२० इंची चित्राचे क्षेत्रफळ ९० इंची चित्राच्या पावणेदोन पटींहूनही थोडे अधिक असते, त्यामुळे तोच प्रकाश त्यावर पसरला की चित्र जवळजवळ निम्मे फिके होते. मग अण्णांना खुर्चीत बसवून आपण त्यांच्या डोळ्यांची उंची मोजलीत, आणि त्यांची नजर चित्राच्या खालच्या तिसऱ्या भागावर पडेल अशा बेताने चौकट वर-खाली केलीत. अण्णांच्या मानेला त्रास आहे, हे मी आपल्याला सांगितलेही नव्हते. आज ते पडद्यापासून नऊ फुटांवर बसून अडीच-तीन तासांचा चित्रपट मान न अवघडता पाहतात.

प्रोजेक्टर कुठे बसवावा हा निर्णय तर केवळ जुन्या घरांची जाण असलेला माणूसच घेऊ शकला असता. छताची तुळई मजबूत आहे, यंत्र तिलाच टांगावे, असे सुताराचेही म्हणणे होते. आपण माझ्या मुलाला वरच्या माळ्यावर चालायला पाठवलेत आणि तुळईला बोटे लावून उभे राहिलात. वर पाऊल पडले की खाली तुळई थरथरते, आणि तिथे केसभर हललेले भिंग पडद्यावरचे सगळे चित्र हलवते. म्हणून यंत्र मागच्या चिऱ्याच्या भिंतीला लोखंडी कंसावर, उलटे आणि फूटभर पुढे काढून बसवले गेले. आमच्या यंत्राला चित्राच्या रुंदीच्या दीडपट अंतर लागते; साडेसहा फूट रुंद चित्रासाठी ते पावणेदहा फूट होते, आणि आपण ते ओळंबा व दोरी वापरून बरोबर साधलेत. चित्राची वाकडी चौकट यंत्रातील कीस्टोन नावाच्या सोयीने सरळ करण्यास आपण ठाम नकार दिलात, कारण तसे केल्याने चित्रातले बारकावे कमी होतात. यंत्रच सरळ बसवायचे, हा आपला आग्रह होता. फोकस तपासताना आपली नजर आधी चारही कोपऱ्यांकडे गेली. ३५ मिलिमीटरची रिळे चालवणाऱ्या, कार्बनच्या कांड्यांचा प्रकाश सांभाळणाऱ्या आणि पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात खूण दिसताच दुसरे यंत्र सुरू करणाऱ्या, चित्रपटगृहातल्या ऑपरेटरची ती नजर होती. चित्रपटगृहे डिजिटल झाल्यावर हे कसब निरुपयोगी ठरले असे अनेकांना वाटते. मला ते आमच्या खोलीत रोज दिसते.

आवाजाचेही तसेच. रिकाम्या खोलीत आपण टाळी वाजवलीत आणि तिचा घुमारा आम्हाला ऐकवलात. नंतर मुलाच्या हाती दाढीचा आरसा देऊन त्याला भिंतीलगत हळूहळू सरकवलेत. अण्णांच्या खुर्चीतून आरशात ज्या जागी स्पीकर दिसला, तिथेच आवाज भिंतीवर आपटून परततो, म्हणून तिथे भिंतीवर साध्या कापडी पडद्यामागे दुमडलेल्या गोधड्या टांगल्या आणि जमिनीवर काथ्याची जाड चटई आली. त्यासाठी काहीही विकत आणावे लागले नाही. अण्णांना अलीकडे कमी ऐकू येते. संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरमधून येतात, तेव्हा खर्च करायचाच असेल तर त्यावर करा, असे आपण म्हणालात, आणि आता शेजारच्या खोलीत आवाज न जाताही त्यांना शब्दन्‌शब्द कळतो.

विजेच्या कामाविषयी सविस्तर लिहिणे मला कर्तव्य वाटते, कारण त्याकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही. जांभ्याची जमीन पावसाचे पाणी धरून ठेवत नाही आणि उन्हाळ्यात ती कोरडी ठणठणीत झाली की अर्थिंग निकामी होत जाते. आमचे जुने अर्थिंग आपण तपासलेत आणि न्हाणीघराच्या पाण्याने कायम ओली राहणाऱ्या जागी, मीठ व कोळशाचे थर देऊन, नवा खड्डा करवून घेतलात. स्टॅबिलायझरखेरीज छोटा यूपीएसही आपणच लावायला सांगितलात. दिव्याचा प्रोजेक्टर बंद केल्यावरही त्याचा पंखा काही वेळ फिरून दिवा थंड करतो, आणि वीज अचानक गेली की नेमके तेच होत नाही. मे महिन्यातील वळवाच्या आणि ऑक्टोबरमधील परतीच्या पावसात गडगडाट ऐकू येताच यूपीएसची वायर व डिशची केबल दोन्ही काढून ठेवण्याचा आपला नियम घरातील लहान मुलेसुद्धा पाळतात.

दमट हवेसाठी आपण घालून दिलेली शिस्तही तशीच चालू आहे. भर पावसाळ्यातही दोन-तीन दिवसांआड यंत्र तासभर चालवतो, त्यावर प्लास्टिकऐवजी सुती कापड घालतो, आणि निळ्या सिलिका जेलचे खडे गुलाबी झाले की तापवून पुन्हा निळे करून ठेवतो. भिंतीला पांढरा रंग न देता सागवानी चौकटीवर ताणलेला पडदा लावल्याचे महत्त्व श्रावणात समजले, जेव्हा पडद्यामागच्या भिंतीला ओल येऊन पोपडे सुटले आणि मध्ये ठेवलेल्या बोटभर फटीमुळे पडदा कोरडा राहिला.

आपण सामानाच्या खर्चाव्यतिरिक्त काहीही घेतले नाही. आमच्या परिसरात चित्रपटगृह उरलेले नाही, आणि अण्णांना एसटीचा किंवा गाडीचा लांबचा प्रवास आता झेपत नाही. त्यांच्या आयुष्यातून गेलेली एक मोठी आवड आपण त्यांना परत मिळवून दिलीत, यासाठी मी आणि माझे सर्व कुटुंब आपले ऋणी आहोत.

यंदा गौरी-गणपतीला मुंबईहून सर्व मंडळी येणार आहेत. गौरीविसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आपण काकूंसह जेवायला यावे. त्या दिवशीचा चित्रपट आपणच निवडावा, अशी अण्णांची इच्छा आहे, आणि यंत्राच्या हवेच्या जाळीत बारीक धूळ धरू लागली आहे, तीही आपण एकदा पाहावी, अशी माझी विनंती आहे.

आपला कृतज्ञ,
अण्णांचा थोरला मुलगा
तालुका दापोली, जिल्हा रत्नागिरी