बांगडी एका जागी पिचकत नाही

ठाणे,
शनिवार, रात्र

प्रिय संज्या,

तुझे दोन मिस्ड कॉल पाहिले. रागावू नकोस, आठवडाभर काळ्याने नाचवलंय.

काळ्या म्हणजे घोडबंदर रोडवर, कापूरबावडीच्या अलीकडच्या चहाच्या टपरीचा राखणदार कुत्रा. सोमवारी पहाटे त्याला टेम्पोने उडवलं. टपरीवाले मामा पोत्यात घालून रिक्षाने घेऊन आले. मागचा भाग उचलत नव्हता, शेपटी मात्र हलत होती.

आधी छातीचा एक्स-रे काढला. मोडलेलं हाड थांबू शकतं, छातीत साठलेली हवा किंवा छाती-पोटामधला फाटलेला पडदा थांबत नाही. छाती स्वच्छ निघाली, सोनोग्राफीत मूत्राशयही शाबूत. (मुतला म्हणजे पिशवी फुटली नाही, असं नसतं ना!) मग वेदनाशामक देऊन कमरेचे शॉट घेतले. आडव्या शॉटमध्ये डावं-उजवं एकावर एक येतं, म्हणून भिस्त उताणं झोपवून घेतलेल्या व्हीडी शॉटवर. त्यात डावीकडचं प्युबिस आणि इस्कियम, म्हणजे कमरेच्या कड्याची खालची हाडं, तुटलेली. मला हायसंच वाटलं, कारण ही हाडं वजन पेलत नाहीत. काही आठवडे पिंजऱ्यात विश्रांती दिली की बहुधा जुळतात. मामांना तसं सांगून मोकळा झालो.

रात्री जेवताना काहीतरी खटकत राहिलं. खालचे तुकडे जागचे चांगलेच सरकले होते, मग वरचं सगळं जागच्या जागी कसं? कमरेचं कडं म्हणजे काचेची बांगडी रे, ती एका जागी पिचकून सरकत नाही. मोबाइलवर फोटो पुन्हा उघडला. काळ्या जरासा कललेला होता, खालच्या हाडांमधली दोन्ही ऑब्ट्युरेटर छिद्रं सारखी दिसत नव्हती, सॅक्रमवर, म्हणजे कण्याच्या कमरेतल्या हाडावर, मळाची सावली. दोन्ही बाजू वेगळ्या दिसतात त्या कलण्यामुळे, अशी मी दुपारी स्वतःची समजूत घातली होती. आळस होता, दुसरं काय.

मंगळवारी नीट भूल देऊन, सरळ झोपवून परत काढला. डावं इलियम, कड्याचं वरचं हाड, सॅक्रमपासून सुटून पुढे सरकलेलं, सांध्याच्या कडेला स्पष्ट पायरी. ॲसिटॅब्युलम, म्हणजे खुब्याची खोबण, मात्र शाबूत, तेवढं नशीब. गुदद्वारातून बोट घालूनही तपासलं. तुम्ही गाईम्हशीवाले खांद्यापर्यंत हात घालता, आमच्याकडे बोटच मावतं, पण मार्ग किती चेपलाय ते कळतं. फारसा नव्हता. पायाची मोठी नस, सायटिक नर्व्ह, तिथूनच जाते, म्हणून भूल उतरल्यावर पायाचं बोट चिमट्यात धरलं. त्याने पाय ओढला आणि वळून माझ्याकडे असं पाहिलं की माझीच मान खाली गेली.

गुरुवारी स्क्रू बसवला. आठवडा-दहा दिवस गेले असते तर स्नायू आखडून हाड ओढायला जड गेलं असतं. सॅक्रममध्ये स्क्रूला जागा किती अरुंद असते! जरा वर गेलं की मणक्याची नळी. परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात इंटर्नशिप करताना आपण बाजूला उभं राहून हे पाहायचो, तेव्हा फार सोपं वाटायचं.

मामांना मी चूक सांगितली. ते म्हणाले, "डॉक्टर, दुसऱ्यांदा बघितलंत ना?" आता रोज येतात, पोटाखाली टॉवेल घालून त्याला चार पावलं चालवतात. आज त्याने डावा पाय टेकवला.

फलटणहून कधी येतोस? कटिंग मामांकडेच. पैसे घेणार नाहीत, भांडावं लागेल.

तुझा,
बाळ्या