इमारत नंतर बांधा, आधी माणूस नेमा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

विद्यापीठांच्या नव्या आरोग्यविज्ञान शाळांच्या जाहिराती हल्ली वारंवार दिसतात. इमारतीचं चित्र असतं, ‘सुसज्ज प्रयोगशाळा’ असतात, कोर्सची यादी आणि जागांचा आकडा असतो. मी त्यात एकच गोष्ट शोधते: या शाळेचा प्रमुख कोण आणि तो कधीपासून कामावर आहे? बहुतेक वेळा ते कुठे लिहिलेलंच नसतं. चौकशी केली तर कळतं, की अमुक विभागाच्या प्रमुखांकडे ‘अतिरिक्त कार्यभार’ दिलाय.

मी निवृत्त ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे आजार किंवा दुखापतीनंतर रुग्णाला रोजची कामं पुन्हा करता यावीत म्हणून उपचार करणारी. एकतीस वर्षं शिकवलं. त्यातली सुरुवातीची वर्षं एका विद्यापीठाची नवी शाळा अक्षरशः शून्यातून उभी राहताना बघण्यात आणि तिथे राबण्यात गेली. ते बघितलं असल्यामुळे या जाहिराती वाचताना जीव कासावीस होतो.

या शाळा निघताहेत ही चांगलीच गोष्ट आहे, हे आधी सांगते. २०२१ साली संसदेने अलाइड (तपासणी-उपचाराला साहाय्य करणाऱ्या) आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, प्रयोगशाळा तंत्रज्ञान, रेडिओलॉजी, नेत्रविज्ञान, पोषणशास्त्र असे १० गट आणि त्यांतले ५०हून अधिक व्यवसाय पहिल्यांदा एका छत्राखाली आले. पदवीधर आरोग्यसेवा व्यावसायिकासाठी किमान ३,६०० तासांचं आणि अलाइड व्यावसायिकासाठी किमान २,००० तासांचं शिक्षण कायद्यातच लिहिलं गेलं. आमच्या पिढीने ‘तुम्ही म्हणजे मसाजवाले का?’ हा प्रश्न आयुष्यभर ऐकलाय. त्यामुळे हा कायदा झाला त्या दिवशी मी जुन्या मैत्रिणींना एकेक करून फोन केले होते. पण तास कायद्यात लिहून भरत नाहीत. ते भरतात वॉर्डात, रुग्णाच्या शेजारी, आणि तिथे विद्यार्थ्याला पोचवण्याचं काम शाळेच्या पहिल्या प्रमुखाचं असतं.

आमच्या पहिल्या संचालकबाई रुजू झाल्या तेव्हा शाळेला खोली नव्हती. विद्यापीठाच्या एका जुन्या ग्रंथालयाच्या टोकाला त्यांना टेबल दिलं होतं. पण त्या टेबलाशी फारशा सापडायच्याच नाहीत. रोज सकाळी आठच्या आधी त्या जवळच्या सार्वजनिक रुग्णालयात हजर असत. हातात लाल कापडी बांधणीची, हिशेबाला वापरतात तशी लांबुडकी वही. ऑर्थोपेडिक्सच्या वॉर्डात किती रुग्ण, त्यांतले हाताच्या दुखापतीचे किती, मेडिसिनमध्ये पक्षाघाताचे किती, भाजलेले किती, बालरोग विभागात सेरेब्रल पाल्सीची किती मुलं येतात आणि कोणत्या वारी, हे सगळं त्या स्वतः मोजून लिहीत. वॉर्डच्या सिस्टरांशी बसून बोलत, वॉर्डातल्या मावशींनाही विचारत. हे त्यांनी जवळजवळ वर्षभर केलं.

त्या वहीतून काय निघालं, ते सांगते. हाताच्या दुखापतीचे रुग्ण वॉर्डात फार कमी दिसत होते. बाईंना ते पटेना. मग लक्षात आलं, की असे रुग्ण टाके घालून लगेच घरी जातात आणि मंगळवार-शुक्रवारच्या ओपीडीत पुन्हा येतात. म्हणून आमचं पहिलं वेळापत्रक आखलं गेलं तेव्हा मंगळवार आणि शुक्रवारची पूर्ण सकाळ मोकळी ठेवलेली होती. व्याख्यानं दुपारी. इतर विभागांना ते गैरसोयीचं होतं, दोन प्राध्यापकांनी लेखी तक्रारही केली. बाई हलल्या नाहीत. ‘रुग्ण आपल्या वेळापत्रकाने येणार नाही, आपण त्याच्या वेळेला जायचं,’ एवढंच म्हणाल्या.

विद्यापीठाला पहिल्याच वर्षी साठ मुलं हवी होती. बाईंनी वीस घेतली. कुलगुरूंसमोर वही उघडून त्यांनी आकडे वाचून दाखवले आणि म्हणाल्या, ‘साठ जणांना उभं राहायला जागा आहे, पण हात लावायला रुग्ण नाहीत.’ तेव्हा मी तरुण होते, त्यांच्या मागे फाइल धरून उभी होते. वरिष्ठांना नाही कसं म्हणायचं, तेही पुरावा हातात घेऊन, हे मी त्या दिवशी शिकले. शाळा उभी करणाऱ्याच्या अंगी काय हवं असं मला कुणी विचारलं, तर मी हाच प्रसंग सांगते.

आता दुसरं चित्र. निवृत्तीनंतर एका ठिकाणी अंतिम वर्षाच्या प्रात्यक्षिक परीक्षेला बहिःस्थ परीक्षक म्हणून गेले. संस्थेचं नाव घेत नाही, कारण दोष त्या एकाच संस्थेचा नाही. इमारत देखणी. सिम्युलेशन लॅबमधल्या मानवी पुतळ्यांवरचं प्लास्टिक अजून निघालेलं नव्हतं. एका मुलीला मी मनगटासाठी कॉक-अप स्प्लिंट, म्हणजे मनगट किंचित वर उचललेलं धरून ठेवणारा आधार, करायला सांगितलं. हे आमच्याकडचं अगदी पायाभूत काम. थर्मोप्लास्टिकची शीट साधारण ६५ ते ७० अंशांच्या पाण्यात मऊ करायची, बाहेर काढून टिपायची, आपल्या हातावर तिची ऊब तपासायची आणि मग रुग्णाचं मनगट योग्य कोनात धरून त्यावर अलगद बसवायची. हातात जेमतेम काही मिनिटं असतात. दाब बोटांच्या टोकांनी द्यायचा नाही, तळव्याने द्यायचा, नाहीतर आत खळगे पडतात आणि तिथे रुग्णाची कातडी सोलवटते.

त्या मुलीने शीट पाण्यात टाकली आणि लगेच काढली. ती अर्धवट कडकच होती. पुन्हा टाकली, या वेळी जास्त वेळ ठेवली. शीट लोळागोळा झाली, कडा एकमेकींना चिकटल्या. तिच्या हातांना कंप सुटला होता. शेवटी ती माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘मॅडम, आम्हाला पोस्टिंगच मिळालं नाही. व्हिडिओ दाखवला होता.’ पोस्टिंग म्हणजे वॉर्डात रुग्णांसोबत प्रत्यक्ष शिकणं. लेखी परीक्षेत त्या मुलीला उत्तम गुण होते. कोन, स्नायू, नसा, सगळं तोंडपाठ. मी तिला नापास केलं. घरी येऊन त्या रात्री मी जेवू शकले नाही, कारण नापास कुणाला करायला हवं होतं ते मला ठाऊक होतं.

चौकशी केली तेव्हा कळलं, की त्या शाळेला तीन वर्षांत तीन प्रमुख झाले होते. तिघेही अतिरिक्त कार्यभारावर. त्यांतले एक नामवंत शल्यचिकित्सक, माणूस म्हणून सज्जन. पण स्वतःची ओपीडी आणि शस्त्रक्रिया सांभाळून ते आठवड्यातून एकदा सह्या करायला येत. रुग्णालयाशी पोस्टिंगचा करार करायचा राहून गेला, कारण तो करणं हे कुणाचंच मुख्य काम नव्हतं.

आत काही नसताना नुसत्या पाट्या लावलेल्या शाळा पूर्वीही होत्या. अब्राहम फ्लेक्सनर या शिक्षकाने अमेरिका आणि कॅनडातल्या १५५ वैद्यकीय शाळा स्वतः फिरून पाहिल्या आणि १९१० मध्ये अहवाल दिला. तो डॉक्टर नव्हता. पण काय बघायचं ते त्याला पक्कं ठाऊक होतं. एका ठिकाणी खोल्यांवर शरीररचना, शरीरक्रिया अशा पाट्या होत्या, पण दारांना कुलपं. तो नंतर एकटाच परत गेला, रखवालदाराकडून ती दारं उघडून घेतली. आत टेबल, खुर्च्या आणि फळा, बाकी काही नाही. त्याच्या अहवालानंतरच्या वर्षांत अनेक शाळा बंद पडल्या. आपल्याकडच्या तपासणी समित्यांनी सत्कार आणि चहा बाजूला ठेवून अशी दोन दारं उघडायला सांगितली, तरी पुष्कळ होईल.

चांगलं उदाहरणही बाहेर शोधायला नको, मुंबईतच आहे. आशियातली पहिली ऑक्युपेशनल थेरपीची शाळा १९५० मध्ये केईएम रुग्णालयात सुरू झाली. ती सुरू केली कमला निंबकर यांनी. मूळच्या अमेरिकेच्या एलिझाबेथ लंडी, लग्न करून इथल्या झाल्या. हा व्यवसाय आपल्या देशात नाही आणि तो हवा, असं वाटल्यावर त्यांनी आधी काय केलं? चाळिशी उलटलेली असताना त्या अमेरिकेला परत गेल्या, विद्यार्थिनी होऊन ऑक्युपेशनल थेरपी शिकल्या आणि मग इथे शाळा काढली. तीही रुग्णालयात. दोनच वर्षांत, १९५२ मध्ये, व्यवसायाची अखिल भारतीय संघटना उभी राहिली, आणि त्याच वर्षी जागतिक महासंघ स्थापन झाला तेव्हा संस्थापक देशांत भारत होता. तेव्हा हा व्यवसाय कशाशी खातात हे सांगावं लागत होतं, आणि तरी पहिल्या तुकडीपासून शिक्षणाला रुग्ण होते, मागे संघटना होती आणि पुढे मोठं जग होतं. या माउलीचं नाव आज आमच्याच विद्यार्थ्यांना सांगावं लागतं, याचं मला फार वाईट वाटतं.

कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाचंही सांगते, कारण तिथला कालक्रम लक्षात घेण्यासारखा आहे. जॉन इव्हान्स यांना नव्या वैद्यकीय शाळेचे अधिष्ठाता म्हणून १९६५ मध्ये नेमलं. ते तेव्हा पस्तिशीच्या आसपास होते. पहिली मुलं आली १९६९ मध्ये, आणि तीही वीसच. मधली वर्षं त्यांनी सोबतीला माणसं जमवण्यात आणि मुलांनी शिकायचं कसं हे ठरवण्यात घालवली. रुग्णाची खरी समस्या समोर ठेवून लहान गटात शिकण्याची जी पद्धत आज जगभर वापरतात, ती तिथे घडली. आपल्याकडे मात्र प्रमुखाच्या नेमणुकीचं पत्र आणि प्रवेशाची जाहिरात एकाच महिन्यात निघते.

मला आणखी एक काळजी आहे. एकाच इमारतीत फिजिओ, लॅब, रेडिओलॉजी, ऑप्टोमेट्री असे सहा-सात कोर्स चालतात आणि मुलं चार वर्षं एकमेकांची तोंडं ओळखत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये सांगितलंय, की वेगवेगळ्या आरोग्य व्यवसायांच्या विद्यार्थ्यांनी एकमेकांबद्दल, एकमेकांकडून आणि एकमेकांसोबत शिकावं. आमच्या बाईंनी हे कुणी सांगण्याआधी केलं होतं. दर शनिवारी एका रुग्णाची फाइल घेऊन नर्सिंगच्या, फिजिओच्या आणि आमच्या मुली एकत्र बसत. पहिले काही शनिवार नुसती भांडणं झाली. मग एकदा नर्सिंगच्या एका मुलीने सांगितलं, की पक्षाघाताच्या आजोबांना आम्ही शिकवलेला व्यायाम ते करत नाहीत, कारण रात्री लघवीला उठावं लागतं म्हणून झोप होत नाही आणि सकाळी त्यांना उठताच येत नाही. आमच्या कुणाच्याही नोंदीत हे नव्हतं. आजोबांची व्यायामाची वेळ दुपारी नेली. पंधरवड्यात ते आधार धरून उभे राहिले. हे शनिवार बाई होत्या तोवर चालले. नंतरच्या प्रमुखांनी ते ‘अभ्यासक्रमात बसत नाहीत’ म्हणून बंद केले.

आणि मुलं पास झाल्यावर काय? आमची पहिली तुकडी शेवटच्या वर्षाला पोचायच्या आतच बाई आरोग्य खात्याच्या पायऱ्या झिजवत होत्या. पदंच मंजूर नसतील तर पदवी घेऊन मुलींनी जायचं कुठे? तीन पदं मंजूर झाली. वीस मुलींना तीन पदं ही काही मोठी गोष्ट नव्हे, पण त्या तिघी ज्या रुग्णालयांत गेल्या तिथे पुढे आमच्याच मुलींची पोस्टिंग लागली.

म्हणून विद्यापीठांच्या कुलगुरूंना आणि व्यवस्थापन परिषदांना माझी कळकळीची विनंती आहे. पहिला विद्यार्थी येण्याच्या किमान दोन वर्षं आधी पूर्णवेळ प्रमुख नेमा. तो या व्यवसायांपैकी एखाद्यातला असावा, रुग्णाच्या शेजारी बसून काम केलेला असावा. डॉक्टर असू नये असं माझं म्हणणं नाही, पण डॉक्टर असला तर तेवढंच काम करणारा असावा. जागा किती भरायच्या हे ठरवताना त्याचा शब्द अखेरचा असू द्या. आणि त्याला पाच वर्षं हलवू नका. इमारत दोन वर्षं उशिरा झाली तरी चालेल. आम्ही जुन्या ग्रंथालयाच्या टोकाला सुरुवात केली होती.

संचालकबाई आता नाहीत. जाण्यापूर्वी त्यांनी ती लाल वही माझ्याकडे दिली. तिचे कोपरे झिजलेत, मधल्या काही पानांवरची शाई विटलीय, पण कोणत्या वॉर्डात काय मोजलं, कसं मोजलं, कुणाला काय विचारलं, ते सगळं वाचता येतं. रुग्णांची नावं त्यात नाहीत, बाई ती कधीच लिहीत नसत. नवी शाळा काढणाऱ्या कुणालाही ती बघायची असेल तर मी छायाप्रत काढून पाठवायला तयार आहे. आपल्या कार्यालयामार्फत कळवावं.

आपली,
एक निवृत्त ऑक्युपेशनल थेरपी शिक्षिका
(नाव व पत्ता कृपया छापू नये.)