आई-बाबा, केबिन बॅग भरायच्या आधी

ती. आई-बाबांना सा. न.

तिकिटं मिळाल्यापासून हातातल्या बॅगेत काय चालतं नि काय नाही हे आई रोज विचारते आहे. फोनवर सांगितलेलं अर्धं विसरायला होतं, म्हणून सगळं लिहूनच पाठवते. आई, हे पत्र बॅगेशेजारी ठेव आणि एकेक वाचत भर.

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगते. केबिन बॅगेच्या आत आणखी एक छोटी पिशवी ठेवा, पटकन उचलून बाहेर काढता येईल अशी. विमान पूर्ण भरलेलं असलं की सीटवरचे कप्पे लवकर संपतात. मग शेवटी चढणाऱ्यांच्या बॅगा दारातच टॅग लावून खाली सामानाच्या कप्प्यात पाठवतात. विमान लहान असेल तर हे हमखास होतं. त्या वेळी मागे रांग असते, कर्मचारी घाईत असतात, आणि तिथे वाकून बॅगेतून गोळ्या शोधत बसणं तुम्हाला झेपायचं नाही. छोटी पिशवी तयार असली की ती काढून घ्यायची आणि बॅग निर्धास्तपणे देऊन टाकायची.

त्या पिशवीत जातील ती तुमची औषधं, सगळ्या प्रवासाची आणि वर आठवडाभराची. विमानं चुकतात, रद्द होतात, तेव्हा तंगी नको. आई, तुझी वारांची डबी घे, पण गोळ्यांची मूळ पाकिटं आणि डॉक्टरांची चिठ्ठीही घे. कोणी विचारलं तर सुट्या गोळ्यांवरून काहीच सांगता येत नाही. बाबा, तुमचं इन्शुलिन कुठल्याही परिस्थितीत खालच्या सामानात जाता कामा नये. तिथलं तापमान फार खाली जाऊ शकतं, आणि एकदा गोठलेलं इन्शुलिन वितळलं तरी वापरायचं नसतं. दिसायला ते पूर्वीसारखंच दिसेल, म्हणून तर जास्त भीती. चष्म्याची दुसरी जोडी, आईच्या श्रवणयंत्राच्या बॅटऱ्या, फोनचा चार्जर आणि पॉवर बँक हेही याच पिशवीत. पासपोर्ट मात्र पिशवीतही नको, अंगावरच्या पाउचमध्ये हवेत. का, ते पुढे सांगते.

पॉवर बँकेबद्दल बाबांचं म्हणणं होतं की जड आहे, तर चेक-इनच्या बॅगेत टाकू. तसं अजिबात करू नका, तिथे ती चालतच नाही. पॉवर बँक म्हणजे सुटी लिथियम बॅटरीच, आणि अशा सुट्या बॅटऱ्या प्रवाशाच्या जवळच असायला हव्यात, कारण अशी बॅटरी बिघडली तर आपोआप तापत जाते आणि पेटते. केबिनमध्ये धूर लगेच दिसतो आणि विझवायला माणसं असतात. खालच्या सामानापर्यंत उडत्या विमानात कोण पोचणार? जानेवारी 2025 मध्ये दक्षिण कोरियात एअर बुसानचं विमान उड्डाणाआधी जमिनीवरच पेटलं. सगळे जण बाहेर पडले, पण विमान जळालं, आणि पॉवर बँकेमुळे आग लागली असण्याची शक्यता तपासात पुढे आली. त्यानंतर बऱ्याच कंपन्यांनी नियम कडक केले. म्हणून ती वरच्या कप्प्यात न ठेवता डोळ्यांसमोर ठेवा आणि विमानात तिच्यावर फोन चार्ज करायच्या आधी विचारा. साधारण मर्यादा 100 वॉट-अवरची असते (वॉट-अवर म्हणजे बॅटरीत किती ऊर्जा मावते त्याचं माप). तुमच्या पॉवर बँकेवर 20,000 एमएएच लिहिलंय, म्हणजे 3.7 व्होल्टच्या हिशेबाने 74 वॉट-अवर, तेव्हा क्षमतेची काळजी नाही. पण तो छापलेला आकडा पुसट झालाय का ते बघा. वाचता येत नसेल तर तपासणीत अडवू शकतात.

याच विषयातलं आणखी एक. फोन सीटच्या फटीत पडला तर सीट मागेपुढे करू नका, हात घालून ओढूही नका. सीटच्या यंत्रणेत फोन चिरडला की त्याची बॅटरी पेटू शकते. बेल दाबून कर्मचाऱ्यांना बोलवा, ते काढून देतील.

आता पातळ वस्तू. ऑगस्ट 2006 मध्ये लंडनहून निघणारी विमानं द्रव स्फोटकांनी उडवण्याचा कट उघड झाला, तेव्हापासून 100 मिलिलिटरचा नियम आला. यात गल्लत होते ती बाटलीची. आत किती उरलंय हे बघत नाहीत, बाटली केवढी आहे हे बघतात. दोनशेची बाटली तळाशी थोडीशी भरलेली असली तरी काढून घेतात. टूथपेस्ट, क्रीम, जेल, स्प्रे हे सगळं पातळच धरतात. अशा छोट्या बाटल्या एक लिटरच्या पारदर्शक, बंद होणाऱ्या पिशवीत ठेवा आणि ती वरच ठेवा. काही विमानतळांवर नवे स्कॅनर आल्यामुळे हा नियम सैल झालाय, पण परतीच्या विमानतळावर जुनंच यंत्र असू शकतं, तेव्हा त्या भरवशावर राहू नका. पातळ औषधांना सवलत असते. ती वेगळी काढून आपणहून दाखवायची. पाण्याची बाटली रिकामी न्या, तपासणीनंतर भरून घ्या. कात्री, नेलकटर, चाकू सरळ चेक-इनमध्ये टाका. कुठे किती लांबीचं पातं चालतं यात डोकं घालायला नको.

वजनाचं म्हणाल तर बऱ्याच कंपन्यांची मर्यादा 7 किलोची असते आणि माप साधारण 55 बाय 40 बाय 20 सेंटीमीटर, तेही चाकं आणि हँडल धरून. पण कंपनीगणिक फरक पडतो आणि तुमची दोन विमानं वेगळ्या कंपन्यांची आहेत, तेव्हा ज्यांचा नियम जास्त कडक तोच धरून भरा. बाबा, ती टणक ट्रॉली रिकामीच तीन किलोच्या आसपास भरेल. तिच्यापेक्षा कापडी बॅग घ्या. वजन करायला आधी काट्यावर नुसते उभे राहा, मग बॅग घेऊन. आणि खांद्याच्या दुखण्यासकट बॅग वर चढवायचा हट्ट करू नका. शेजारच्याला सांगा, कोणीही मदत करतं.

आई, गुडघ्यातल्या धातूमुळे दारातलं यंत्र वाजेल. घाबरू नकोस, आधीच सांग. डॉक्टरांचं पत्र दाखवलंस तरी हाताने तपासतातच. बसून किंवा आडोशाला तपासा असं तू मागू शकतेस. काठी थोडा वेळ स्कॅनरमधून जाईल, तेवढ्यापुरता बाबांचा हात धर.

पासपोर्ट अंगावर का, ते आता सांगते. लिहायला बरं वाटत नाही, तरी लिहिते. विमानातून घाईने बाहेर पडायची वेळ आली तर काहीही घ्यायचं नाही. बॅग नाही, ती छोटी पिशवीसुद्धा नाही. निम्मी दारं बंद धरून 90 सेकंदांत विमान रिकामं होईल अशी विमानांची रचना तपासलेली असते, आणि त्या हिशेबात सामान काढायला वेळ धरलेलाच नसतो. 2 जानेवारी 2024 ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचं विमान धावपट्टीवर दुसऱ्या विमानावर आदळून पेटलं. आतले सगळे 379 जण जिवंत बाहेर आले, आणि त्यांनी सामान मागेच सोडलं होतं. औषधं पुन्हा मिळतील, मी मिळवून देईन. एवढं मला कबूल करा.

निघायच्या दोन दिवस आधी बॅग भरून ठेवा आणि मला व्हिडिओ कॉल करा. एकेक वस्तू समोर धरलीत की कुठली कुठे जाईल ते मी सांगते. पॉवर बँकेवरच्या आकड्याचा फोटो मात्र आजच पाठवा, म्हणजे गरज पडली तर नवीन मागवायला वेळ राहील.

तुमची लेक