कापलेल्या स्ट्रिपवर गोळीचं नाव राहू द्या

मा. आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

सविनय नमस्कार.

गेल्या आषाढी एकादशीला माझी आई देवघरासमोर बसल्या जागी कलंडली. अंग घामानं थबथबलेलं, हात कापत होते, बोलणं जड झालेलं. शेजारणी म्हणाल्या, उपासाचं असेल, पडू द्या जरा. नर्सताईंनी बोट टोचून पाहिलं तर रक्तातली साखर 46, म्हणजे धोक्याइतकी कमी. चार चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली, तेव्हा पंधरा-वीस मिनिटांत तिनं आम्हाला ओळखलं.

सकाळी तिनं शुगरच्या दोन्ही गोळ्या नेमानं घेतल्या होत्या, वर नुसता कोरा चहा. एक मेटफॉर्मिन, दुसरी ग्लिमेपिराइड. मेटफॉर्मिन यकृतातून रक्तात येणारी साखर आवरते; ती एकटी घेतली तर साखर सहसा एवढी उतरत नाही. ग्लिमेपिराइडचं तसं नाही. ती स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते, पोटात भाकरी गेली आहे की नाही हे बघत नाही. उपास असला तर त्या दिवशी ही गोळी कशी घ्यायची, घ्यायची का, हे डॉक्टरांना आधी विचारावं लागतं. सहा वर्षं गोळ्या चालू आहेत, आईला हे कुणी सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी तिची औषधाची पिशवी उलटी केली. कात्रीनं कापलेले स्ट्रिपचे तुकडे पडले. एकावर नुसतं ‘पिराइड’ उरलेलं, दुसऱ्यावर फक्त एक्स्पायरीची तारीख. औषधं मिळतात त्या खिडकीवर तिला सांगितलं होतं ते एवढंच: पांढरी दोन वेळा, गुलाबी सकाळी. कंपनी बदलली की गुलाबीची हिरवी होते, मग काय करायचं?

माझी तक्रार औषधांवर नाही. त्यांच्यामुळेच आईचे डोळे आणि मूत्रपिंडं शाबूत आहेत. पण मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं तर बी-12 जीवनसत्त्व कमी होऊ शकतं. माळकरी, शाकाहारी माणसात ते बऱ्याचदा आधीच कमी असतं. पायाला मुंग्या आल्या की सगळे ‘शुगरमुळे’ म्हणतात आणि बी-12 तपासायचं राहून जातं. एम्पाग्लिफ्लोझिन या शुगरच्या आणखी एका गोळीचं पेटंट मार्च 2025मध्ये संपलं, किंमत उतरली. ती लघवीवाटे साखर बाहेर टाकते, त्यामुळे लघवीच्या जागेवर खाज आणि बुरशी येऊ शकते. आमच्याकडच्या बायका हे लाजेनं बोलत नाहीत, गोळीच बंद करतात. दिवसभर उन्हात राबणाऱ्याला तिच्यानं अंगातलं पाणी कमी पडण्याचीही भीती. पायोग्लिटाझोन या शुगरच्याच गोळीनं पायांवर सूज येऊ शकते. हृदय कमजोर असलेल्याला ती चालत नाही. 2013 साली केंद्रानं तिच्यावरची बंदी उठवताना माहितीपत्रकात ठळक इशारा छापण्याची अट घातली होती. सुट्या चार गोळ्यांबरोबर ते माहितीपत्रक कुणाला मिळतं?

मंत्रिमहोदय, मी नवी योजना मागत नाही. स्ट्रिप कापताना नाव शाबूत राहील असं बघा, नाहीतर पाकिटावर मराठीत लिहून द्या. केसपेपरच्या पाठीवर एक शिक्का मारा: ही गोळी काय करते, काय झालं तर लगेच यायचं, जेवण चुकलं तर काय करायचं. अक्षरं मोठी हवीत, आईला चष्म्यानंही बारीक दिसत नाही.

वारीच्या वाटेवर आपलं खातं दरवर्षी उपचाराची सोय करतं. पुढच्या आषाढीआधी तिथल्या प्रत्येक फलकावर एवढं लिहा: ‘उपास आहे? शुगरची गोळी घेण्याआधी आत विचारा. घाम आणि थरथर सुटली तर लगेच साखर खा.’

आपला नम्र,
सोलापूर जिल्ह्यातला एक शेतकरी