फवारणीचे धुवण ब्लीचिंगने शुद्ध होत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कपाशीवर फवारणी सुरू झाली की पंप, बादल्या, औषध कालवायचे ड्रम धुतले जातात ते विहिरीच्या ओट्यावर, बोअरशेजारी नाहीतर नाल्यात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, तेव्हापासून मास्क-हातमोज्यांबद्दल बरेच बोलले गेले. धुवणाकडे, म्हणजे पंप-ड्रम धुतलेल्या औषधमिश्रित पाण्याकडे, मात्र तेवढे लक्ष गेले नाही. आता कोणी विचारलेच, तर हमखास उत्तर येते : ब्लीचिंग पावडर टाका आणि ओतून द्या. गावाला ती सवयीची आहे, जलसुरक्षक तीच विहिरीत टाकतो. जंतूंसाठी ती योग्यच आहे. कीटकनाशकांच्या बाबतीत ती घात करू शकते.

क्लोरपायरीफॉस किंवा क्विनॉलफॉस ही कीटकनाशके घ्या. यांच्या रेणूत फॉस्फरसला गंधक चिकटलेले असते. ब्लीचिंगमधला क्लोरीन ते गंधक काढतो आणि त्या जागी ऑक्सिजन बसवतो. तयार होतो त्याला ऑक्सॉन म्हणतात. मूळ औषध शरीरात गेल्यावर यकृत जे रूप तयार करते आणि ज्याने मज्जासंस्थेतले कोलिनएस्टरेज हे गरजेचे एन्झाइम बंद पडते, तेच हे रूप. म्हणजे शरीराने करायचे काम आपण बादलीतच करून ठेवतो. भरपूर क्लोरीन आणि भरपूर वेळ दिला तर ऑक्सॉनही पुढे फुटते, पण मूठभर पावडर टाकून दहा मिनिटांत ओतणाऱ्याच्या पदरी नेमकी मधली, जास्त विषारी अवस्था पडते. लाल पोटॅशही (पोटॅशियम परमँगनेट) याच रेणूंना ऑक्सॉनपाशी आणून सोडू शकते. वास कमी झाला म्हणून पाणी निवळले असे समजू नये.

सांडपाण्यावरच्या संशोधनात ऑक्सिडेशनला, म्हणजे रसायनाने रेणू जाळण्याला, मोठे स्थान आहे आणि ते योग्यच आहे. हिराकस (फेरस सल्फेट) आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांची फेंटन अभिक्रिया १८९४ पासून माहीत आहे. तिच्यातून निघणारे हायड्रॉक्सिल मूलक (अतिशय क्रियाशील कण) जवळपास कोणताही सेंद्रिय रेणू फोडतात, आणि अडचण इथेच आहे. धुवणात विषाबरोबर त्याचा द्रावक आणि पाणी दुधाळ करणारा इमल्सिफायरही असतो, बऱ्याचदा विषापेक्षा जास्त. मूलक निवड करत नाहीत, पेरॉक्साइड आधी त्यांच्यावरच खर्ची पडते. २०० लिटरच्या ड्रममध्ये सीओडी (पाण्यातली घाण पूर्ण जाळायला लागणारा ऑक्सिजन) लिटरला ५००० मिलिग्रॅम धरा. एकूण झाला १ किलो. तो पूर्ण जाळायला हिशेबाने २.१ किलो शुद्ध पेरॉक्साइड लागते, म्हणजे ५० टक्क्यांचे साधारण साडेतीन लिटर. शिवाय किलोभर हिराकस, सामू (पीएच) ३ वर आणायला आम्ल, नंतर तो ७-८ वर न्यायला चुना, आणि शेवटी तळाशी १५-२० लिटर लोहाचा गाळ. सामू ४ च्या वर गेला की लोह गंजासारखे खाली बसते आणि अभिक्रिया मंदावते. त्यात आपले बेसाल्टातले पाणी बायकार्बोनेटने भरलेले, त्यामुळे आम्ल जास्त लागते; कमी घातले तर उरलेला बायकार्बोनेट मूलक गिळतो. अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात क्लोराइडही तेच करते, वर क्लोरीनयुक्त नवी संयुगे होण्याची भीती. प्रयोगशाळेत ऊर्ध्वपातित पाण्यात मिळालेला ९९ टक्के विष नष्ट झाल्याचा आकडा दर्यापूरच्या बोअरच्या पाण्यात मिळेल असे धरू नये. आणि ५० टक्के पेरॉक्साइड कातडी जाळते, ते गोठ्यात ठेवायची वस्तू नव्हे.

म्हणून गावपातळीवर आमचे म्हणणे एवढेच : आधी धुवण कमी करा, उरलेले जीवाणू-बुरशीच्या हवाली करा.

कमी करणे फुकटात होते. १५ लिटरच्या पंपात फवारणीनंतर तळाशी, नळीत, लान्समध्ये मिळून २०० मिलिलिटर द्रावण राहते असे धरा. ६ लिटर पाण्याने एकदाच खळबळले तर त्याची तीव्रता ३१ व्या हिश्शावर येते. तेच ६ लिटर पाणी २-२-२ असे तीनदा वापरले, दर वेळी पूर्ण रिकामे केले, तर १३३१ व्या हिश्शावर. पाणी तेवढेच. ही तिन्ही धुवणे त्याच शेतात, त्याच पिकावर, चालता चालता फवारून संपवायची. धुऱ्यावर (बांधावर) एका जागी ओतायची नाहीत. मग घरी राहते ते फक्त पंपाच्या बाहेरची पुसपास, सांडलवंड आणि ड्रमचे पाणी.

त्यासाठी जैवशय्या (बायोबेड), म्हणजे धुवण जिरवून त्यातले विष कुजवणारा खड्डा. स्वीडनमध्ये ती १९९३ पासून वापरात आहे. खड्ड्यात घनफळाने निम्मे काड, पाव हिस्सा माती, पाव हिस्सा पीट (दलदलीतला अर्धवट कुजलेला पालापाचोळा), वर गवत. काडातले लिग्निन (काडाला कडकपणा देणारा घटक) खाणारी पांढरी बुरशी जे पेरॉक्सिडेज एन्झाइम सोडते, ते लिग्निनसारखेच कीटकनाशकाचे रेणूही तोडते. तुकडे मातीतले जीवाणू संपवतात. हेही ऑक्सिडेशनच, फक्त पेरॉक्साइड बुरशी स्वतः थेंबाथेंबाने बनवते.

पीट आपल्याकडे नाही. त्याजागी पूर्ण कुजलेले, वास नसलेले कंपोस्ट चालते. ताजे शेण नको, युरिया तर नकोच : नत्र मुबलक झाले की बुरशी लिग्निन तोडायचे सोडून देते. काडासाठी सोयाबीनचे कुटार (मळणीनंतरचा भुसा) सर्वांना सुचते, पण ते दोन-तीन महिन्यांत बसून जाते. त्यात निम्मी तरी पऱ्हाटी (कपाशीची वाळकी झाडे) किंवा तुऱ्हाटी (तुरीची), बोटाच्या पेराएवढे तुकडे करून, मिसळावी. ती लाकडासारखी असल्याने बुरशीला वर्षभर पुरते. माती अशा शेतातली घ्या जिथे फवारणी होत आली आहे, तिथल्या जीवाणूंना ही औषधे ओळखीची असतात. भारी काळी माती मात्र चाळूनच, आणि पाव हिश्शाऐवजी पाचवा हिस्सा. जास्त झाली तर पावसाळ्यात चिखलाचा गोळा होतो.

खड्डा ३ मीटर लांब, २ मीटर रुंद, मीटरभर खोल. परदेशी आराखड्यात तळाला चिकणमातीचा थर सांगतात. आपल्याकडे नुसत्या काळ्या मातीवर विसंबू नका. उन्हाळ्यात ती हातभर भेगाळते आणि पहिले पाणी थेट खाली जाते. शेततळ्याला वापरतात ते ५०० मायक्रॉनचे अस्तर अखंड टाकावे, कडा जमिनीच्या वर वीतभर काढाव्यात. मिश्रण ८० सेंटिमीटर भरा, ते दबून ६० वर येते. वर हरळी लावा. विहिरीपासून दूर, उतारावर असेल तर विहिरीच्या खालच्या अंगाला.

टिनाचे छप्पर हवेच. यवतमाळला पावसाळ्यात ९०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. ६ चौरस मीटरवर तो ५००० लिटरहून जास्त होतो. एवढे पाणी झिरपले तर शय्या म्हणजे विषाचे हौद. बाजू मोकळ्या ठेवा, वारा खेळू द्या, आणि भोवती काट्यांचे कुंपण घाला, नाहीतर बकऱ्या ती हरळी खातील.

पाणी किती सोडायचे यात सर्वात जास्त चुका होतात. अस्तर असल्यामुळे पाण्याला वाट एकच, वर बाष्प होऊन. दमट दिवसांत चौरस मीटरला ४ लिटर धरा, म्हणजे या शय्येला रोज २५ लिटरच्या आत. जास्तीचे झाकणबंद ड्रममध्ये साठवून पुढे हिवाळ्यात सोडावे. सडक्या अंड्यांचा वास आला तर आत हवा संपली आहे, पाणी थांबवा. हरळी पट्ट्यापट्ट्याने जळाली तर एकाच जागी ओतले गेले, किंवा कोणीतरी तणनाशकाचा पंप तिथे धुतला. उलट एप्रिल-मेमध्ये मिश्रण वाळून भिंतीपासून सुटते आणि पुढचे पाणी त्या फटीतून तळाशी जाते, म्हणून उन्हाळ्यात आठवड्याला दोन-तीन बादल्या साधे पाणी. उधई (वाळवी) लागली तर ती काड खाईल, खाऊ द्या, काड वरून घाला. तिच्यावर क्लोरपायरीफॉस ओतण्याचा मोह होईल, तो आवरा.

काय घालायचे नाही, तेही महत्त्वाचे. बाटलीत उरलेले जाड औषध नाही. वरुड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात बोर्डोचे किंवा कॉपर ऑक्सिक्लोराइडचे धुवण नाही : तांबे मूलद्रव्य आहे, ते ना जळते ना कुजते, वर बुरशीलाच मारते. प्रोफेनोफॉससाठी चुन्याची निवळी उपयोगी आहे. ते सामू ७ ला अर्धे व्हायला सुमारे १५ दिवस घेते, ९ ला काही तास. इमिडाक्लोप्रिडला चुन्याने फारसे काही होत नाही, ते शय्येतही सावकाशच जाते. सगळ्या औषधांना एक उतारा नाही. शय्येतले जुने मिश्रण काढल्यावर वर्षभर छपराखाली ढीग करून ठेवावे आणि तपासून मगच शेतात टाकावे.

एमआयडीसीतल्या सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रांची गोष्ट वेगळी. तिथे आम्ल, पेरॉक्साइड, मोजमाप सगळे आहे, आणि ऑक्सिडेशन व जैविक प्रक्रियेची जोडी तिथे शोभते. बीओडी (जीवाणू जेवढी घाण खाऊ शकतात तिला लागणारा ऑक्सिजन) आणि सीओडी यांचे गुणोत्तर ०.२ च्या खाली असेल तर आधी थोडे ऑक्सिडेशन, रेणू फक्त तोडण्यापुरते, आणि मग जीवाणूंना हवा देणारी वायुवीजन टाकी. ०.४ च्या वर असेल तर आधी जीवाणूंना त्यांचे खाऊ द्या, उरलेल्या हट्टी भागावर पेरॉक्साइड. क्रम उलटला की महागडे रसायन जीवाणूंच्या तोंडचा घास जाळते. दुसरी नेहमीची चूक म्हणजे उरलेले पेरॉक्साइड तसेच टाकीत जाणे. ते जीवाणू मारते, बुडबुड्यांनी गाळ वर तरंगवते आणि सीओडी खोटा वाढवून दाखवते. आयोडाइड-स्टार्चच्या पट्टीवर निळा रंग येत असेल तर पाणी पुढे सोडू नये.

पण सीओडी लिटरला २५० मिलिग्रॅमच्या खाली आला एवढ्यावर पाणी निर्विष ठरत नाही, कारण ऑक्सॉनसारखे पदार्थ सीओडीत जवळपास दिसतच नाहीत. १९८६ च्या पर्यावरण नियमांच्या सर्वसाधारण मानकांतच माशांची चाचणी आहे : न मिसळलेल्या सांडपाण्यात ९६ तासांनी ९० टक्के मासे जिवंत हवेत. नदीकाठच्या ग्रामपंचायतींनी केंद्राकडे तोच अहवाल मागावा.

नागपूरला नीरी (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) आणि केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे, अकोल्याला कृषी विद्यापीठ. पऱ्हाटी-कुटाराच्या शय्येत कोणते औषध किती दिवसांत अर्धे होते, याचे काळ्या मातीतले आणि आपल्या तापमानातले तक्ते त्यांनी मिळून मराठीत द्यावेत. कृषी विभागाला मात्र एक विनंती आधीच : खड्डा पोळ्याला खणून उपयोग नाही. मिश्रण मुरायला सहा ते आठ आठवडे लागतात, म्हणजे ते एप्रिलअखेर भरले गेले पाहिजे. आणि त्यासाठी लागणारी पऱ्हाटी फेब्रुवारी-मार्चमध्ये उपटून धुऱ्यावर पेटवली जाते. गावागावांत निरोप जायचा तो त्याआधी.

आपले,
सांडपाणी प्रक्रिया व मृदाशास्त्र या विषयांचे दोन अभ्यासक,
जि. यवतमाळ