फाइल दिसली म्हणजे चाचणी झाली का?

संपादक महोदय,

गुणपत्रिका, वेतनचिठ्ठ्या, अहवाल यांच्या शेकडो फायली एका दमात तयार करून त्या फोल्डरांमध्ये लावणारे प्रोग्रॅम मी तपासते. या कामात एक पद्धत मला फार खटकते. प्रोग्रॅम चालवायचा, हवी ती फाइल दिसली की ‘पास’ लिहून मोकळं व्हायचं.

आधीपासून तिथे असलेल्या फायलींचं काय झालं, हे मग कोण बघणार? प्रत्येक चाचणीला वेगळं तात्पुरतं फोल्डर द्यावं, त्यात मुद्दाम काही परक्या फायली ठेवाव्यात आणि शेवटी आतला सगळा पसारा अपेक्षित यादीशी ताडून पाहावा. नको ते काय आलं आणि हवं ते काय पुसलं गेलं, दोन्ही तेव्हाच कळतं. (ताडण्याआधी नावं क्रमाने लावून घ्यावीत, सिस्टीम ती कुठल्या क्रमाने देईल याचा भरवसा नसतो.) तोच प्रोग्रॅम लगेच दुसऱ्यांदा चालवावा, म्हणजे आपण आधी केलेल्या फायलींचं तो काय करतो ते दिसतं. डिस्क भरलेली असतानाही चालवावा, कारण अर्धवट लिहिलेली फाइल पूर्ण फाइलीच्या नावाने मागे राहिली तर पुढचा माणूस ती खरी समजून वापरतो.

मराठी नावांची चाचणी तर बहुतेक वेळा राहूनच जाते. लिनक्स या संगणक प्रणालीच्या ईएक्सटी४ फाइल सिस्टीममध्ये, म्हणजे डिस्कवर फायली ठेवण्याच्या व्यवस्थेत, फाइलीच्या नावाला २५५ बाइटची (बाइट म्हणजे साठवणुकीचं छोटं एकक) मर्यादा आहे. यूटीएफ-८ या मजकूर साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, म्हणजे फार तर ८५ चिन्हं बसतात. काना, वेलांटी, हलन्त सगळे त्यात वेगळे मोजले जातात. ‘विद्यार्थी’ हा शब्द डोळ्यांना तीन अक्षरांचा, पण आत १० चिन्हं आणि ३० बाइट. लांब नाव प्रोग्रॅमने बाइट मोजून तोडलं की अक्षर फुटू शकतं. त्याहून वाईट म्हणजे दोन वेगळी नावं तुटून सारखी होतात आणि एका व्यक्तीची फाइल दुसरीच्या फाइलीवर लिहिली जाते. कुठलीही चूक दाखवली जात नाही. रोमन लिपीतल्या चार-पाच अक्षरी नावांनी चाचणी करणाऱ्याला हे कधीच सापडणार नाही.

माझी विनंती सॉफ्टवेअर विकत घेणाऱ्या संस्थांना आहे. ताबा घेण्यापूर्वी जोडाक्षरांनी भरलेली, लांबलचक मराठी नावं देऊन तो प्रोग्रॅम आपल्यासमोर दोनदा चालवून घ्या, आणि तयार झालेल्या फायली मूळ यादीतल्या नावांशी एकेक करून जुळवा.

– एक सॉफ्टवेअर टेस्टर