न पोचवलेला कागद

प्रिय दोस्ता,

तुझी दोन पत्रं माझ्याकडे उत्तराविना पडून आहेत. दोन्हींत तू एकच विचारलंयस, मी रागावलोय का म्हणून. नाही रे. मी कशाला रागावू? तब्येत बरी आहे, साखरेची गोळी चालू आहे, ताईचा गुडघाही आता ठीक. आता मुद्द्याचं सांगून टाकतो, नाहीतर हेही पत्र अर्धंच राहील.

आपलं जुनं भांडण आठव. ताईने दिवा घालवला तरी अंधारात चालू राहायचं, आणि पलीकडच्या खोलीतून नाना ओरडायचे, ‘निकाल लागला की मला उठवा!’ मी म्हणायचो, ज्याचं मीठ खायचं त्याच्याविरुद्ध चव्हाट्यावर बोलायचं नाही. पटत नसेल तर राजीनामा द्यावा, मग खुशाल बोलावं. तू विचारायचास, ‘आणि शिपायाने काय करावं? त्याला देता येतो राजीनामा?’ माझ्याकडे उत्तर नसायचं, मी कूस बदलायचो.

नाहीच देता येत. इराकच्या युद्धात अमेरिकेने भरतीची मुदत संपलेल्यांनाही हुकूम काढून पलटणीत अडकवून ठेवलं होतं. अधिकारी असला तरी सुटका नाही. लेफ्टनंट एरन वताडाने 2006 साली राजीनामा देऊ केला, तो नामंजूर. अफगाणिस्तानात जातो म्हणाला, तेही नाही. शेवटी इराकला जायला त्याने उघड नकार दिला, तेव्हा कोर्टमार्शल, म्हणजे लष्करी न्यायालयात खटला. म्हणजे माझं ते ‘आधी सोडा, मग बोला’ ज्याच्या तोंडावर फेकायचं, त्याला सोडायची वाटच नव्हती.

पण वताडापेक्षा माझी झोप उडवली ती त्या सात जणांनी. अमेरिकी लष्कराच्या 82व्या एअरबोर्न डिव्हिजनची पायदळातली माणसं, बहुतेक सार्जंट. बगदादमधली पंधरा महिन्यांची नेमणूक संपत आलेली. गप्प राहून घरी जाता आलं असतं. 19 ऑगस्ट 2007 ला त्यांचा लेख न्यूयॉर्क टाइम्समध्ये आला, सातही जणांच्या नावानिशी, हुद्द्यांनिशी. त्यातला एक प्रसंग ऐक. इराकी सैन्याची एक चौकी, पुढे पोलिसांची चौकी, आणि या दोन्हींच्या मधल्या रस्त्यात बॉम्ब फुटला. एक अमेरिकन सैनिक ठार, दोघे गंभीर जखमी. तिथल्या लोकांनी सांगितलं, की बॉम्ब पेरायला इराकी पोलीस आणि सैन्यातल्याच अधिकाऱ्यांनी मदत केली. मग आधी का नाही सांगितलंत? सांगितलं असतं तर आमच्या घरादाराला मारलं असतं. वॉशिंग्टनमध्ये ज्यांच्या भरवशावर ‘परिस्थिती सुधारतेय’ म्हणत होते, ते हेच इराकी पोलीस आणि सैन्य! रोज त्या रस्त्याने गस्त घालणाऱ्याने हे सांगायचं नाही, तर कुणी सांगायचं?

लेख लिहिणं चालू असतानाच सातांतल्या एकाच्या डोक्यात गोळी लागली. तो वाचला. लेख मागे घेतला नाही कुणी. आणि शेवटी त्यांनी लिहिलं, की आम्ही सैनिक आहोत, हाती घेतलेलं काम पुरं करू. तसंच केलं. 10 सप्टेंबरला बगदादमध्ये ट्रक उलटून ओमर मोरा आणि यान्स ग्रे हे त्यांतले दोघे गेले. त्याच दिवशी इराकमधल्या अमेरिकी फौजेचे प्रमुख जनरल पेट्रेयस अमेरिकी संसदेपुढे सांगत होते, की त्या वर्षी इराकमध्ये धाडलेल्या वाढीव फौजेची लष्करी उद्दिष्टं बऱ्याच अंशी साध्य होताहेत.

एक गोष्ट मी अजूनही सोडत नाही, तू चिडलास तरी. हातात बंदूक असलेली माणसं सरकारविरुद्ध उठू लागली तर मला भीतीच वाटेल. पण बोलणं म्हणजे उठाव नव्हे, हे मला कळायला इतकी वर्षं लागली. अमेरिकेतला कायदा सैनिकाला आपल्या लोकप्रतिनिधीला थेट लिहू देतो. जोनाथन हुट्टो नावाच्या नौसैनिकाने तीच वाट धरली, आणि जानेवारी 2007 मध्ये सेवेतल्या हजारावर जणांची सैन्य परत बोलवा ही मागणी संसदेत पोचली. व्हिएतनामच्या वेळी, 1969 सालीही, सेवेतल्या 1,365 जणांनी वर्तमानपत्रात पानभर जाहिरात देऊन खाली नावं घातली होती.

आता जे टाळत होतो ते. सीगफ्रीड ससून हा इंग्रज कवी पहिल्या महायुद्धातला शूर अधिकारी, मिलिटरी क्रॉस हे शौर्यपदक मिळालेला. 1917 मध्ये त्याने जाहीर केलं, की ज्यांना हे युद्ध थांबवता येईल तेच ते मुद्दाम लांबवताहेत. 30 जुलैला ते ब्रिटिश संसदेत वाचलंही गेलं. त्याच्याच रेजिमेंटमधला जिवलग मित्र रॉबर्ट ग्रेव्हज घाबरला. त्याने ससूनला शपथेवर सांगितलं, की तुझ्यावर खटला भरणारच नाहीत, वेड्यांच्या इस्पितळात डांबतील. साफ खोटं. ससूनने विश्वास ठेवला, वैद्यकीय मंडळापुढे गेला. तिथे ग्रेव्हज साक्ष देताना तीनदा रडला. ससूनची रवानगी एडिनबराजवळच्या क्रेगलॉकहार्टच्या इस्पितळात झाली. जीव वाचला, आणि त्याचं म्हणणं आजाऱ्याचं बोलणं ठरलं. पुढे तो आपणहून परत आघाडीवर गेला आणि डोक्याला गोळी लागली, तीही आपल्याच माणसाची, चुकून.

एवढं वाचलं आणि उठून खण उघडला.

साहेबांना द्यायला तू माझ्याकडे दिलेला तो कागद त्यांनी वाचून बाजूला ठेवला, असं मी तुला सांगितलं होतं. तो त्यांच्यापर्यंत गेलाच नव्हता. मी जिन्यावरूनच परत फिरलो. तुझी नोकरी, वहिनींचे ते दिवस, धाकटी पोटात. तुला वाचवतोय असंच मला वाटत होतं, आणि ते खोटं नव्हतं. पण त्यानंतर तू म्हणालास, ‘वाचूनही काही वाटलं नाही ना त्यांना?’ आणि खात्यात कधीच तोंड उघडलं नाहीस. ते मी केलं.

धाकटीची परीक्षा कशी झाली? बदलीचं पक्कं झालं का? वहिनींना नमस्कार सांग आणि हे पत्र त्यांनाही वाचू दे.

कागद सोबत पाठवतोय. घडीवर फाटलाय थोडा, मी चिकटवलेला नाही. तुझी सही शाबूत आहे.

तुझाच